पाळकांनी किती थाटात राहावे?

पिंपरी-चिंचवड परिसरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या खासगी रुग्णालयात परिचारिका आहेत, पती कारखान्यात कामाला आहेत आणि दोन मुले शिकत आहेत. त्या बरीच वर्षे एका स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) जातात. ही मंडळी दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये सुरू झाली आणि आता शेकडो कुटुंबांची झाली आहे. तिच्या पाळकांनी अलीकडे अतिशय महागडी गाडी घेतली, मोठा फ्लॅट घेतला, आणि सहकुटुंब परदेशवाऱ्याही सुरू झाल्या. व्यासपीठावरून ते सांगतात की देवाच्या दासाची समृद्धी हीच त्याच्यावरील आशीर्वादाची खूण आहे, आणि अमेरिकेत प्रभूच्या सेवकांकडे स्वतःची विमाने असताना भारतातल्या सेवकाने दुचाकीवरच का फिरावे? पाळकांच्या सन्मानदिनी प्रत्येक कुटुंबाला नाव छापलेले पाकीट दिले जाते आणि पुढच्या रविवारी नावे व रकमा वाचून दाखवल्या जातात. यंदा एका विधवा आजींनी बोललेली रक्कम पुरी करण्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या. या भगिनींच्या पतीने उपासनेला येणेच सोडले आहे. त्या विचारतात : "प्रचारकांनी ऐषारामात राहावे का? मी दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) थांबवला तर देवाला ठकवल्यासारखे होईल का? विचारायला गेले तर अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाने नेमलेल्याविरुद्ध, बोलल्याचे पाप लागेल का? आणि ही गोष्ट बाहेर गेली तर आपल्याच लोकांची बदनामी होणार नाही का?"

प्रिय भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. ज्यांच्या दानावर प्रचारकाचे घर चालते, त्यांच्यातील बहुतेकांना स्वप्नातही परवडणार नाही असे आयुष्य त्याने त्याच दानातून जगावे, हे मला शुभवर्तमानाशी सुसंगत वाटत नाही. परंतु तुमच्या पत्रात या प्रश्नाच्या आजूबाजूला काही गृहीतके आली आहेत आणि ती तपासल्याशिवाय हे उत्तर तुमच्या फारसे कामी येणार नाही.

"खरा सेवक गरीबच असतो," असे तुम्ही एका ठिकाणी लिहिले आहे. पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे शब्द लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूच्या तोंडचे आहेत. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नये, हा नियमशास्त्रातील आदेश पौल दोनदा सुवार्तिकांच्या पोटापाण्याला लावतो, आणि चांगला कारभार पाहणारे वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी, दुप्पट सन्मानास योग्य आहेत असे तीमथ्याला कळवतो. रोमन कॅथलिक परंपरेतही दारिद्र्याचे व्रत येशूसंघीयांसारख्या संन्यस्त संघांतील धर्मगुरू घेतात. धर्मप्रांताचे धर्मगुरू ते घेत नाहीत, त्यांच्याकडून साधेपणाची अपेक्षा असते. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांकडे पाहिले तर रोग नेमका उलटा दिसतो. तिथे पाळकांना वेळेवर मानधन मिळत नाही, मुलांची फी थकते, आजारपण आले की उसनवारी होते, आणि निवृत्तीनंतर डोक्यावर छप्पर राहील की नाही याची खात्री नसते. "पाळकाला कशाला हवेत पैसे, तो तर देवाचा माणूस," हे वाक्य मी मंडळ्यांच्या बैठकांत ऐकले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते. तेव्हा बरे घर, मुलांचे चांगले शिक्षण, विमा, प्रवासासाठी भरवशाचे वाहन या गोष्टींना आपण ऐषाराम म्हणू नये. त्या देणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

मात्र ज्या पौलाने हा हक्क इतक्या ठामपणे मांडला, त्यानेच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या त्याच नवव्या अध्यायात लगेच सांगितले की आपण या हक्काचा उपयोग केलेला नाही. ख्रिस्ताच्या सुवार्तेला आपल्यामुळे अडथळा होऊ नये, एवढेच त्याचे कारण. करिंथ हे व्यापाराचे, पैसेवाल्यांचे शहर होते आणि तिथे तो तंबू करण्याचा व्यवसाय करून राहिला. मला या अध्यायातील क्रम फार महत्त्वाचा वाटतो. हक्क खरा आहे. पण ज्याच्याकडे तो आहे, त्याने तो वापरताना ऐकणाऱ्याचा विचार आधी करायचा आहे. तुमच्या पतीला आज सुवार्ता ऐकूच येत नाही, कारण मध्ये ती गाडी उभी आहे. पाळकांनी ती कितीही वैध मार्गाने घेतलेली असली तरी पौलाचा हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही.

आता अमेरिकेतल्या विमानांविषयी, कारण तो दाखला तुमच्या व्यासपीठावरून वारंवार दिला जातो असे तुम्ही लिहिता. तो अर्धाच सांगितला जातो. २००७ साली अमेरिकी सिनेटर चक ग्रासली यांनी दूरचित्रवाणीवरून प्रचार करणाऱ्या सहा मोठ्या संस्थांकडे त्यांच्या विमानांचा, घरांचा आणि खर्चाचा तपशील मागितला. काहींनी तो दिला, काहींनी पुरता दिला नाही, आणि २०११ मध्ये ही चौकशी कोणालाही दंड न होता संपली. त्या सहांपैकी एक, क्रेफ्लो डॉलर, यांच्या संस्थेने २०१५ मध्ये सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या जेट विमानासाठी श्रद्धावंतांना आवाहन केले. तेच क्रेफ्लो डॉलर २०२२ मध्ये आपल्याच व्यासपीठावरून म्हणाले की दशमांशाविषयी आपण वर्षानुवर्षे दिलेली शिकवण बरोबर नव्हती आणि त्या विषयावरची आपली जुनी पुस्तके व ध्वनिफिती लोकांनी टाकून द्याव्यात. आशियातही उदाहरणे आहेत. सोलमधील जगातील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एकीचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांना २०१४ मध्ये मंडळीचे नुकसान केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले, कारण मुलाचे शेअर मंडळीला अवाच्या सवा किमतीत विकत घ्यायला लावले गेले होते. हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. समृद्धीची शिकवण जिथून आपल्याकडे आली, तिथे तिचे पुढे काय झाले हे ऐकण्याचा अधिकार तुमच्या मंडळीला आहे.

त्याच अमेरिकेत दुसरेही उदाहरण आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहम तरुण असताना, १९५० साली, अटलांटातील सभांनंतर तिथल्या वृत्तपत्राने दोन छायाचित्रे छापली : एकात दानाच्या पैशांनी भरलेल्या पिशव्या आणि दुसऱ्यात निरोपाचा हात हलवणारे हसतमुख ग्रॅहम. त्या काळी सभांच्या अखेरीस गोळा होणारे प्रेमदान प्रचारकाला मिळण्याची रीत होती आणि त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते. तरीही ती छायाचित्रे ग्रॅहमना फार लागली. त्यानंतर त्यांनी ती रीत सोडली आणि संस्थेच्या मंडळाने ठरवलेला, मोठ्या शहरातील एखाद्या पाळकाच्या तोलाचा पगार घ्यायला सुरुवात केली. आपल्याला किती मिळावे हे ठरवण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हातातून काढून दुसऱ्यांच्या हाती दिले. तुमच्या मंडळीत पाळकांचे मानधन कोण ठरवते? पत्रात याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते गाडीच्या किमतीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट यांसारख्या जुन्या मंडळ्यांत पगार ठरलेला असतो, बदल्या होतात, समिती निवडून येते. तिथेही पैशांवरून आणि जमिनींवरून कमी वाद झालेले नाहीत, त्यामुळे रचना असली की सारे आलबेल असते असे मी म्हणणार नाही. पण स्वतंत्र मंडळीत पुष्कळदा संस्थापक, अध्यक्ष, उपदेशक आणि बँकेत सही करणारा हा एकच माणूस असतो, आणि खजिनदार त्याच्या घरातला. असा माणूस प्रामाणिक असला तरी त्याला कोणी "नाही" म्हणणारे उरत नाही, आणि यात त्याच्या जिवालाही धोका आहे.

जुन्या करारातील मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील दहावे वचन तुम्ही लिहून पाठवले आहे : सगळा दशमांश भांडारात आणा. तेच वचन तुम्हाला दर महिन्याला ऐकवले जाते. त्याच अध्यायातील पाचवे वचनही वाचा. तिथे परमेश्वर म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा व अनाथ यांच्यावर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध तो साक्ष देण्यास त्वरेने येईल. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायला सांगितला आहे, आणि तो उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांबरोबर परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून आहे. लेव्यांना जमिनीचे वतन नव्हते म्हणून त्यांना दशमांश होता, आणि त्यांनीही आपल्याला मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग अर्पायचा होता. म्हणजे त्या भांडारात विधवेचा वाटा होता. जे भांडार विधवेच्या पाटल्यांवर भरते, त्याला मलाखीचा आधार घेता येत नाही.

दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दानात टाकणाऱ्या विधवेची गोष्टही अशा वेळी हमखास सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी सावध केले आहे. हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी आहेत. त्या बाईच्या श्रद्धेचे कौतुक करावे आणि तिच्याकडून शेवटचे नाणे घेणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडावे, असे वाचन मला पटत नाही.

अभिषिक्ताला हात लावू नका, हे १०५ व्या स्तोत्रातील शब्द आहेत. अब्राहाम, इसहाक, याकोब परदेशांत उपऱ्यासारखे फिरत असताना तिथल्या राजांनी त्यांना इजा करू नये, म्हणून देवाने राजांना बजावले, असा तिथला संदर्भ आहे. बलवानापासून दुबळ्याचे रक्षण करणारे हे वचन आज व्यासपीठावरचा माणूस खाली बसलेल्यांविरुद्ध वापरतो, याचे मला वाईट वाटते. दावीद राजा अभिषिक्तच होता. नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचा अपराध सांगितला. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांदेखत दोष दिला. आणि शमुवेलाने तर म्हातारपणी साऱ्या इस्राएलापुढे उभे राहून स्वतःच विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला ठकवले, सांगा, मी परत देतो. ज्याने लहानपणी एली याजकाच्या मुलांना लोकांच्या यज्ञातले मांस तीन दातांच्या काट्याने ओढून घेताना पाहिले होते, त्यानेच हे विचारावे यात फार अर्थ आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू तीताबरोबर पाठवला आणि करिंथकरांना लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते करतो. हिशेब विचारणे हा बंडाचा प्रकार असता तर पौलाने ही काळजी घेतलीच नसती. आपण हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद मागतो तेव्हा सचिवाचा अपमान झाला असे कोणी मानत नाही. मंडळीत तर अधिक पवित्र पैसा आहे.

आपल्या मातीतही याची उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंच्या हातून परदेशी देणग्यांचा मोठा पैसा गेला. त्यांच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या असोसिएशनचे वार्षिक अहवाल जमाखर्चासह छापले जात. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली आणि स्त्रिया आल्या, त्यांच्यासाठी शेती, छपाई, विणकाम उभे राहिले, आणि रमाबाई मात्र शेवटपर्यंत साध्या पांढऱ्या लुगड्यात राहिल्या. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. सगळ्यांनी टिळकांसारखे करावे असे मी म्हणत नाही. त्यांच्या निःसंगपणाची झळ लक्ष्मीबाईंना आणि घराला किती बसली हे मराठी वाचक जाणतोच. पण मराठी ख्रिस्ती माणसाला आदर्शासाठी परदेशी विमानतळावर जावे लागत नाही, एवढे तरी यातून दिसते.

तुमचे आणखी एक गृहीतक मला थांबवावेसे वाटते. गाडी दिसली म्हणजे चोरी झाली, असे तुमच्या पतींनी ठरवून टाकले आहे आणि तुम्हीही मनातून तिथवर पोहोचला आहात. गाडी कर्जावर असू शकते, पाळकांच्या पत्नीची नोकरी असू शकते, गावाकडची जमीन विकलेली असू शकते, आखातातल्या भावाने मदत केलेली असू शकते. वडिलांविरुद्धचा आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून स्वीकारू नये असे तीमथ्याला सांगितले आहे, आणि हे पथ्य आपणही पाळले पाहिजे. म्हणून आरोप करू नका, माहिती मागा.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करा. उपासनेच्या वेळी पडद्यावर दानासाठी जो क्यूआर कोड दाखवतात, तो स्कॅन केल्यावर कोणाचे नाव येते? मंडळीच्या न्यासाचे, की पाळकांचे? दानाची पावती मिळते का, आणि तिच्यावर न्यासाचा नोंदणी क्रमांक असतो का? गाडी कोणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. नोंदणी झालेल्या न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे असतात, आणि विश्वस्त कोण आहेत, मालमत्ता कोणती आहे याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील परिशिष्ट १ मध्ये असते. तिचा उतारा मागता येतो. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. न्यासाचा पैसा विश्वस्ताच्या वैयक्तिक चैनीवर खर्च झाला तर न्यासाची आयकराची सवलतही धोक्यात येते, म्हणजे नुकसान पुन्हा मंडळीचेच.

त्यानंतर पाळकांना एकदा स्वतः भेटा, कोणाला न सांगता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम तोच आहे : आधी दोघांमध्ये, मग एकदोघांना सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. भेटीत गाडीचा विषय काढू नका. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी वाचून दाखवावेत, मानधन नातेवाईक नसलेल्या वडिलांच्या समितीने ठरवावे, आणि देणाऱ्यांची नावे व रकमा जाहीर वाचणे बंद करावे, या तीन मागण्या ठेवा. प्रामाणिक पाळकाला त्या जड जाऊ नयेत. कदाचित इतके दिवस कोणी विचारलेच नाही म्हणून राहून गेले असेल. टाळाटाळ झाली तर हेच दोनतीन कुटुंबांच्या सह्यांनिशी लेखी द्या आणि प्रत जपून ठेवा. व्हॉट्सअॅप गटावर यातले काहीही टाकू नका.

बदनामीची तुमची भीती मी हलकी मानत नाही. आज अनेक ठिकाणी प्रार्थनासभांकडे संशयाने पाहिले जाते, आणि आपल्याच माणसाने तक्रार केली तर तिचा वापर कसा होईल याची धास्ती खरी आहे. म्हणूनच घरातले पर्याय आधी पूर्ण वापरा. पण ते संपले आणि गैरव्यवहाराचा ठोस पुरावा हाती असला, तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करणे ही मंडळीशी गद्दारी ठरत नाही. वर्षानुवर्षे झाकलेली गोष्ट एक दिवस बाहेरच्याने उघडी केली, तर होणारी बदनामी कितीतरी मोठी असते.

आजींच्या पाटल्यांसाठी मात्र या कशाचीही वाट पाहू नका. याच आठवड्यात त्यांच्याकडे जा, व्याजाचा दर काय आहे आणि सोडवण्याची मुदत कधी संपते ते विचारा, आणि चार घरे मिळून ते दागिने सोडवा. तुमचा या महिन्याचा दशमांश त्यासाठी खर्च झाला तर देवाला ठकवल्याची शंका मनात आणू नका. अनुवादातले ते वचन तुमच्या बाजूने आहे. पुढेही दान थांबवू नका, वाटा बदला. मंडळीच्या भाड्याला, विजेच्या बिलाला, पाळकांच्या ठरलेल्या मानधनाला तुमचा योग्य हिस्सा न्यासाच्या खात्यात, पावतीसह द्या. उरलेले एखाद्या खेड्यातल्या पाळकाच्या मुलांच्या फीसाठी किंवा गरजू रुग्णासाठी थेट द्या. सन्मानदिनाचे पाकीट रिकामे परत करायला धैर्य लागते हे मला माहीत आहे. त्यात एक पत्र घाला : पाळकांसाठी तुम्ही काय प्रार्थना करता, ते लिहा.

तुमच्या पतींना परत उपासनेला आणण्याचा आग्रह तूर्त सोडा. त्यांचा राग पुष्कळ अंशी न्यायाचा आहे, आणि हिशेबाची मागणी करणाऱ्या पत्रावर पहिली सही त्यांची असू शकते. मुलांसमोर मात्र दोघांनीही पाळकांची टिंगल करू नये. मुले माणसांबरोबर विश्वासही टाकून देतात.

पुढच्या आर्थिक वर्षाचे हिशेब पूर्ण होईपर्यंत वाट पाहा. तोवर काहीच हलले नाही, किंवा विचारणाऱ्या कुटुंबांना व्यासपीठावरून टोमणे मारले जाऊ लागले, तर त्या मंडळीतून बाहेर पडा. जाताना वडिलांना कारण लेखी कळवा आणि इतरांना ओढून नेण्याचा प्रयत्न करू नका. ज्यांना यायचे असेल ते विचारपूस करत येतील. नवी मंडळी पाहताना गायन आणि उपदेश यांबरोबर सुरुवातीलाच विचारून घ्या की इथे पाळकांचे मानधन कोण ठरवते आणि हिशेब केव्हा वाचले जातात. या प्रश्नावर जिथे कोणी चपापत नाही आणि जुनी वही किंवा छापील ताळेबंद सहज पुढे केला जातो, तिथे कुटुंबासह काही रविवार बसून पाहा.